कॅनकून राहिलं, बरं झालं

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच दळण चालू आहे. नात मेक्सिकोत तीन महिने राहून आली आणि तिने कॅनकून पाहिलं नाही! चिचेन इत्झाचा पिरॅमिड पाहिला नाही! "एवढं भाडं भरून गेली आणि शेवटचे दहा दिवस काय केलं, तर एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात मका वाटला," असं आमच्या भाच्याने लिहिलं. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिता येत नाही (अंगठ्याने लिहिणं हे आमच्या पिढीला निरक्षरपणाचं लक्षण वाटतं!) म्हणून इथे लिहिते. नातेवाईक मंडळी इथे डोकावतातच. बाकीच्या वाचकांनी पंच म्हणून बसावं.

थोडक्यात हकिकत अशी. नात अमेरिकेत शिकते, स्पॅनिश हा तिचा विषय. त्यासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर ती दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका नावाच्या शहरात होती. एका घरी पैसे देऊन राहायची सोय केलेली. घरात सत्तरीच्या सेन्योरा, त्यांची बहीण, आणि येऊन-जाऊन असणारा मुलगा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात अभ्यासक्रम संपला आणि दहा दिवस मोकळे मिळाले. बरोबरच्या मुलामुलींनी कॅनकूनची तिकिटं काढली, तशी हिनेही काढली होती. मग तिने आपलं रद्द केलं. पैसे परत मिळाले नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर भाचा सांगेलच. मी फोनवर कारण विचारलं तर म्हणाली, "आजी, सेन्योरांचे यजमान मार्चमध्ये गेले. यांच्याकडे दोन नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात. ते यंदा पहिल्यांदाच येणार. तीन महिने मी त्यांच्या खुर्चीवर बसून जेवले, आणि ते यायच्या वेळेला मी समुद्रावर कशी जाऊ?"

माझ्या मते वाद इथेच संपायला हवा होता.

पण नाही. "पुन्हा कधी जाणार ती मेक्सिकोला?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. प्रश्न चुकीचा नाही. मीही शाळेच्या सहली काढल्या आहेत. अजिंठा पाहायला गेलेल्या पोरांनी अजिंठा पाहिलाच पाहिजे. चारधामला मी स्वतः बसमधून गेले, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहायला गेलेल्या माणसाने पाहावं. पण नात पाहायला गेली नव्हती, शिकायला गेली होती. शिकायला गेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस हे सुट्टीचे नसतात. माझं तर म्हणणं असं की, त्याचा खरा अभ्यास तेव्हाच होतो. वर्ग संपलेले, परीक्षा झालेली, वहीत काही उतरवून घ्यायचं नाही. आता समोरची माणसं तुम्हाला शिकवत नसतात, ती आपापली कामं करत असतात. तुम्ही मध्ये उभे असलात तर हातात काहीतरी देतात, "हे धर जरा" म्हणून.

तिच्या हातात वरवंटा आला. त्यांच्याकडे पाट्याला मेताते म्हणतात. तीन पायांचा, जरा उतरता दगडी पाटा. मागे गुडघ्यावर बसायचं आणि दोन्ही हातांनी वरवंटा ओढायचा. व्हिडिओवर पाहिलं तर मला माझी सासू दिसली! रोजचा मका त्याही गिरणीतूनच दळून आणतात, पण सणाचं वाटण पाट्यावर. मोले नावाचा काळा रस्सा करतात, त्यासाठी वाळल्या मिरच्या अगदी करपायच्या बेताला भाजतात. घरभर ठसका. नात म्हणाली, "आजी, तू काळा मसाला भाजतेस तेव्हा आम्ही अंगणात पळतो ना, तशा त्या दोघी पळाल्या." आता मिरची मुळात त्यांचीच, पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. म्हणजे खोकायची पद्धतही तिकडूनच आली असावी.

पण मला अडवलं ते मक्याने. आपण कणीस भाजून खातो, नाहीतर दाणे दळून पीठ करतो. त्या घरात मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. त्याला निश्तामाल म्हणतात. चुना कशाला, तर सेन्योरा म्हणाल्या, आई घालायची म्हणून. नातीने मग शोधून मला पुढचं वाचून दाखवलं. मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. चुन्याने ते मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मग अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, शेवटी बुद्धिभ्रंश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही तेच झालं. आणि ज्यांच्या घरचा हा मका, ती मेक्सिकोतली माणसं हजारो वर्षं तोच खाऊन धडधाकट!

धान्य जहाजात भरून नेता येतं, पण चुन्याचं भांडं दाखवायला घरातली बाई लागते. तिच्याजवळ कुणी बसलंच नाही. भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामी, हे गूगलवर मिळतं." मिळतं ना. पण चुना का घालता, हे विचारायचं सुचण्यासाठी चुना घालताना पाहावं लागतं!

भाषेचंही तसंच. मी भाषा शिकवली, म्हणून मला यात जास्त गोडी. पोरगी तीन महिने स्पॅनिश शिकली, नव्वद टक्के गुण मिळवले. आणि शेवटच्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात त्या दोघी बहिणी स्पॅनिश बोलतच नाहीत! पाहुण्यांशी स्पॅनिश, मुलाशी स्पॅनिश, एकमेकींशी मात्र झापोतेक. त्यांच्या गावाकडची, स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीची भाषा. त्यात सूर वर गेला की शब्दाचा अर्थ बदलतो म्हणे. मेक्सिकोत अशा ६८ मूळ भाषा आहेत आणि २००३च्या कायद्याने त्या राष्ट्रीय भाषा मानल्या आहेत. कागदावर. सेन्योरांच्या मुलाला ती समजते, बोलता येत नाही. नातीला 'पाणी', 'ये', 'बस', 'पुरे' एवढे चार शब्द आले. "पुरे" हा शब्द तिला जेवताना लागला, हे वेगळं सांगायला नको.

आता आमच्या गावाची गोष्ट सांगते. कोपरगावकरांना ती ठाऊक आहे, बाहेरच्यांनी ऐकावी. गोदावरीकाठी बेट भागात शुक्राचार्यांचं देऊळ आहे. कच संजीवनी विद्या शिकायला आला तो इथेच, अशी आमच्याकडची श्रद्धा. देवांच्या गुरूचा मुलगा असुरांच्या गुरूकडे विद्यार्थी म्हणून आला. परक्या मुलखात राहिला, गाई राखल्या, देवयानीला फुलं आणून दिली, गाणं म्हणून दाखवलं. असुरांनी त्याला पुन्हा पुन्हा मारलं, देवयानीच्या हट्टापायी गुरूने पुन्हा पुन्हा उठवलं. शेवटी विद्या मिळाली आणि कच निघाला. निघताना देवयानीने विचारलं, मला बरोबर नेतोस का? तो म्हणाला, मी तुझ्या पित्याच्या पोटातून बाहेर आलो, तू माझी बहीण. तिने शाप दिला : ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली हमखास विचारायच्या, "बाई, चूक कोणाची?" मुलगे कचाच्या बाजूने, मुली देवयानीच्या. खाडिलकरांनी १९१३ साली यावर नाटक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'विद्याहरण'. हरण! एका शब्दात निकाल दिला म्हणायला हरकत नाही. कचाने नियमबाह्य काही केलं नाही. तो ठरवून ज्या कामाला आला होता ते झालं आणि तो गेला. त्या घराने आपल्याला काय दिलं, याचा हिशेब त्याने नात्याच्या एका युक्तिवादात मिटवला. पदवी घेऊन, संस्कृतीचा 'अभ्यास' करून परतणारे असे कच मी पुष्कळ पाहिले. त्यांची व्याख्यानं चांगली होतात. ज्या घरात राहिले तिथे पुन्हा पत्रसुद्धा जात नाही.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि त्यातलं एक थेट मेक्सिकोतलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक; पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, मग बर्लिन, मॉस्को करत १९२४ साली मेक्सिकोत पोचले. हिंदुस्थानात परत येण्याची सोय नव्हती. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या जाती काढल्या. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या आणि त्यांच्याच भाषेत शिकवलं. दिएगो रिव्हेरा या त्यांच्या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जी चित्रं काढली, त्यांतल्या एकात खानखोजे आहेत, टेबलाशी बसलेल्यांना भाकरी वाटताना. वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर! पुढे ते भारतात परतले आणि नागपुरात १९६७ साली गेले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला. मी शिकवत होते तेवढ्या वर्षांत क्रमिक पुस्तकात त्यांचं नाव मला कधी भेटलं नाही. वीणा गवाणकरांचं पुस्तक वाचलं तेव्हा कळले.

खानखोजे तिकडे गेले तशा मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून इकडे आल्या. फलटणच्या मराठी बोलीवर प्रबंध लिहिला आणि प्रबंध झाल्यावर घरी जाण्याऐवजी फलटणलाच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था काढली. सगळ्यांनी असं आयुष्य द्यावं असं मी म्हणत नाही. कुणाला वर्षं देता येतात, कुणाला दहा दिवस. मुद्दा एवढाच की शिकून झाल्यावर त्या माणसांचं आपल्याकडे काही राहिलंय का, हे बघायला थोडं थांबावं लागतं.

"मग तूही तिथला सण 'बघायलाच' थांबलीस ना?" असं नातीला आमच्या जाऊबाईंनी विचारलं. प्रश्न चांगला होता. कारण मृतांचा तो सण आता तमाशाही झाला आहे. २०१५ साली जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' चित्रपटात मेक्सिको सिटीत सांगाड्यांची मोठी मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथे नव्हतीच. पण पाहुणे ती शोधत येणार म्हणून २०१६पासून खरोखरच काढायला लागले! वाहाकातही कबरस्तानांत बसच्या बस उतरतात, रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात. आपल्या वारीत काय वेगळं चाललंय? फुगडी घालणाऱ्या बाईला "पुन्हा एकदा घाला" म्हणणारे लोक मी टीव्हीवर पाहिले आहेत.

नातीने दोन तारखेला एकही फोटो काढला नाही. तिला काम होतं. झेंडू! त्यांच्याकडे त्याला सेम्पासुचिल म्हणतात. वासावर आणि रंगावर गेलेला माणूस वाट काढत येतो, म्हणून दारापासून मांडणीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात. ती वाट घालायचं काम तिच्याकडे होतं. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो जहाजांतून आला आणि इतका मुरला की झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही. पण श्राद्धाला आपण त्याला हात लावत नाही. तिथे पांढरी फुलं, माका, तुळस. आपला पितृपक्ष म्हणजे आवाज खाली. खरेदी नाही, बोलणी नाहीत, कावळा शिवला की सुटलो. त्यांच्याकडे बँड वाजतो, साखरेच्या कवट्यांवर पोरांची नावं घालतात, गेलेल्या माणसाची थट्टा करतात. मला विचाराल तर मला आपलं गांभीर्यच जवळचं वाटतं. सवयीचा भाग. पण सेन्योरांनी यजमानांच्या फोटोसमोर त्यांचे आवडते बूट पुसून ठेवले आणि "आता चिखलाचे आत आणू नका" म्हणून दटावलं, हे ऐकल्यावर मी फोन ठेवून जरा वेळ गॅलरीत जाऊन बसले.

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या वादाकडे येते. तो मोठा आहे, आणि त्यावर हसरे चेहरे आले नाहीत.

मांडणी पूर्ण झाल्यावर सेन्योरांनी नातीला विचारलं, "तुझ्याकडचं कुणी गेलंय का?" ती म्हणाली, आजोबा. "मग त्यांचाही फोटो लाव. इतक्या लांबून ते आमच्या यजमानांना सोबत करतील." नातीने कोपऱ्यावरच्या दुकानातून मोबाइलमधला फोटो छापून आणला. ह्यांचा, चष्मा पुसतानाचा. तो सेन्योरांच्या यजमानांशेजारी, ग्वादालुपेच्या मेरीच्या तसबिरीखाली लागला. पुढे पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्ती. आणि बाजूला, हो, अंडं घातलेला पाव आणि मेस्कालची बाटलीही होती. सेन्योरांनी हौसेने ह्या मांडणीचा एक फोटो काढला आणि नातीने तो मला पाठवला. मी ग्रुपवर टाकला.

भाऊजींना तो लागला. त्यांनी लिहिलं की दादाचं श्राद्ध इथे तिथीला यथासांग होतं, मग परक्यांच्या देवघरात, दारूच्या बाटलीशेजारी त्याला बसवायचं कारण काय? वन्संनीही तेच लिहिलं, जरा मऊ शब्दांत.

भाऊजी, तुमचं दुखणं मला समजतं, म्हणून ग्रुपवर मी गप्प राहिले. तुम्ही धाकटे, दादा गेल्यावर त्यांचं सगळं तुम्ही हातात धरून केलंत. पण ह्याबाबतीत बोलण्याचा पहिला हक्क माझा, आणि माझं मत असं आहे की पोरीने योग्य केलं. तिने तुमच्या दादाला कुठे नेऊन बसवलं नाही. त्या घराने त्यांना जागा दिली, ती नाकारणं तिला जमलं नाही. नाकारायचं म्हणजे काय बोलायचं होतं? की, तुमचा माणूस आम्हाला चालतो, आमचा तुमच्यात चालत नाही? तीन महिने ताटाला ताट लावून जेवल्यावर? आपल्याकडे सर्वपित्रीला, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीसुद्धा पाणी सोडतात. तुम्हीच सोडता, मी पाहिलंय.

आणि बाटली सेन्योरांच्या यजमानांची. ह्यांच्या फोटोपुढे काय होतं ते फोटो मोठा करून बघा. कपात चहा आहे, तिने स्वतः केलेला, आलं घालून. आणि शेजारी कागदात राजगिऱ्याचे लाडू. मलाही आधी खरं वाटलं नाही. पण राजगिरा मूळचा तिकडचाच. जुने अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्यांचा प्रसाद वाटत, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांना हे धान्य खटकायचं. आता मध-गुळात वळून तिथल्या बाजारात विकतात आणि त्या वड्यांना आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. ऐन बाजारात ते पाहून नात थबकली आणि तिने सेन्योरांना सांगितलं की आमचे आजोबा उपासाला हेच खायचे.

सेन्योरांनी विचारलं, किती? दोन, असं ती म्हणाली. एकादशीला ते दोनच खायचे, तिसरा मी डब्यात लपवायचे. सेन्योरांनी तीन ठेवायला लावले.